मिकीच्या तोंडातून किती दिसतं?

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी सुट्टीतली गोष्ट. धाकटी बहीण, तिची सहा वर्षांची मुलगी आणि मी असे तिघे एका ॲम्युझमेंट पार्कला गेलो होतो. तिकिटाचा दर बघून बहिणीने गेटवरूनच दोनदा माघारी फिरायची भाषा केली. पण भाचीने महिनाभर एकच धोशा लावला होता, "मेरेकू मिकी से मिलनेका है." पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, बंदूक मारून फुगे फोडणं, तिला कशातच रस नव्हता. तिला मिकी हवा होता.

मिकी कारंज्याजवळ उभा होता. लाल चड्डी, पिवळे बूट, मोठे काळे कान. एका बाजूने कापड विटलेलं, नाकाचा रंग उडालेला. पोरं एकेक करून पुढे जात होती, हात मिळवत होती, आईबाप मोबाईलवर फोटो काढत होते. आमच्या पुढे चार मुलं होती. चौथ्याचा फोटो झाला, भाची हात पुढे करून उभी राहिली आणि मिकी वळला. सोबतच्या पोराने त्याचा कोपर धरला आणि दोघे उपाहारगृहाच्या मागे निघून गेले. भाचीचा हात तसाच पुढे.

"मामू, उसने मेरेकू देख्याच नै."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. ती बुरख्यात होती. काही बोलली नाही, फक्त "चलो" म्हणाली. त्या न बोलण्याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळतो. भाड्याने घर बघायला गेल्यावर नाव सांगितलं की समोरच्या माणसाला अचानक आठवतं, खोली कालच दिली. तेव्हाही आम्ही असेच गप्प बसतो. भांडावं तर पुरावा नसतो आणि न भांडावं तर रात्री झोप नसते.

मी मात्र त्या दिवशी भांडायला गेलो. उपाहारगृहाच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, मिकीचं मुंडकं प्लास्टिकच्या खुर्चीवर उलटं ठेवलं होतं. शेजारी एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा बसला होता. गळ्यापासून खाली मिकी आणि वर घामाने निथळणारा माणूस. बाटलीतलं पाणी तो पीत होता त्याहून जास्त डोक्यावर ओतत होता. मी कशासाठी आलोय ते सांगितलं. त्याने रागावण्याऐवजी मुंडकं उचलून माझ्या हातात दिलं. "सर, तुम्हीच बघा. डोळ्यातून दिसत नाही, तोंडातून दिसतं. खाली तर काहीच नाही. शिट्टी वाजली की मी सुटलो, तेवढंच मला कळतं."

मी मुंडकं डोळ्यांसमोर धरलं. आत फोमचा आणि शिळ्या घामाचा वास. हसऱ्या तोंडात काळी जाळी शिवलेली. त्या जाळीतून पोराचे गुडघे दिसले, चेहरा दिसला नाही.

परत येऊन बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "असंल. पण आपल्या आधीची चार पोरं बरी दिसली त्याला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आल्यावर मात्र हे प्रकरण डोक्यातून जाईना. मुलांना आनंद द्यायला म्हणून माणसाला असं बंद पिंपात घालायची कल्पना मुळात आली कुठून? वाचत गेलो, तसतसं लक्षात आलं की भाचीसारखी हात पुढे करून उभी राहिलेली मुलं जगात पुष्कळ आहेत आणि त्या मुंडक्यातल्या पोरासारखे लोकही. या दोघांचा इतिहास एकच आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात मिकीच्याही आधीची आहे. 1890 मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉकटन गावात जेम्स एडगर नावाच्या दुकानदाराने सांताक्लॉजचा वेश चढवला आणि आपल्याच दुकानात मुलांना भेटायला सुरुवात केली. दुकानात बसणारा पहिला सांता म्हणून अनेक जण त्याचं नाव घेतात. चित्रातलं पात्र मुलांना हाताने धरता येतं आणि ते धरायला आलेले आईबाप जाताना काहीतरी विकत घेऊन जातात, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं.

तीन वर्षांनी, 1893 मध्ये, शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे पॅनकेकचं तयार पीठ विकणाऱ्या एका कंपनीने 'आंट जेमायमा' नावाचं पात्र उभं केलं. हे पात्र वठवणाऱ्या बाईंचं नाव नॅन्सी ग्रीन. केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेली ही बाई लोकांसमोर पॅनकेक भाजायची, हसायची, जुन्या मळ्यावरच्या गोष्टी सांगायची. गोऱ्या ग्राहकाला गुलामगिरीचे दिवस किती सुखाचे होते असं वाटावं, हा त्या गोष्टींचा हेतू. ग्रीनबाईंना मुखवटा नव्हता. चेहरा त्यांचाच होता, फक्त त्यावरचं नाव आणि हसू कंपनीचं होतं. पुढे 1955 मध्ये डिस्नेलँड उघडलं, तेव्हा तिथेही आंट जेमायमाच्या नावाचं पॅनकेक हाउस होतं आणि एलीन लुइस या कृष्णवर्णीय बाई तिथे अनेक वर्षं त्या वेशात पाहुण्यांसोबत फोटोला उभ्या राहत. हे नाव बाजारातून काढायचा निर्णय कंपनीने जाहीर केला तो 2020 मध्ये. पात्राच्या आत कोण आणि कोणाच्या आनंदासाठी, हा प्रश्न इतका जुना आहे.

आता मिकीकडे येऊ. 18 नोव्हेंबर 1928 ला 'स्टीमबोट विली' हा बोलपट न्यूयॉर्कमध्ये झळकला, तो मिकीचा वाढदिवस मानतात. पडद्यावरचा मिकी चपळ, बोटाएवढा, हाडं नसल्यासारखा. त्याला माणसाच्या मापात आणायचं म्हटलं की गडबड होणारच. 21 डिसेंबर 1937 ला लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात 'स्नो व्हाइट'चा पहिला खेळ झाला, तेव्हा बाहेर मिकी, मिनी, डोनाल्ड आणि सात बुटके वेश चढवून उभे केले होते. त्या काळचे फोटो आज पाहिले तर लहान मूल घाबरून रडेल. मोठाले डोळे, ताणलेलं हसू आणि तोंडाच्या जाळीआडून डोकावणारा खरा माणूस.

17 जुलै 1955, रविवार. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये, काल-परवापर्यंत संत्र्यांच्या बागा होत्या त्या 160 एकरांवर डिस्नेलँडचं उद्घाटन झालं. खर्च सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलर. एबीसी वाहिनीवरून थेट प्रक्षेपण. सूत्रसंचालकांपैकी एक रोनाल्ड रेगन, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. निमंत्रितांपेक्षा कितीतरी जास्त, सुमारे 28 हजार लोक आत शिरले, कारण बनावट तिकिटं निघाली होती. ऊन इतकं की ताजं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळ जोडणाऱ्या कामगारांचा संप नुकताच मिटल्याने प्यायच्या पाण्याचे नळ अपुरे होते. डिस्नेच्या कंपनीत पुढे या दिवसाला 'काळा रविवार' म्हणत.

त्या दिवशीच्या मिरवणुकीत मिकी होता. पण त्याचा वेश डिस्नेलँडचा नव्हता. 'आइस कॅपेड्स' नावाची बर्फावर नाचणाऱ्यांची एक फिरती मंडळी होती. तिच्या खेळात डिस्नेची पात्रं असायची. तिच्याकडून वेश उसने आणले होते. म्हणजे ज्या जगात पात्रं जिवंत होऊन भेटतील असं वचन टीव्हीवरून देशभर दिलं, तिथे पात्रांना अंगात घालायला स्वतःचे कपडे नव्हते. शिवाय ते वेश दूर बसलेल्या प्रेक्षकांसाठी शिवलेले. हातभर अंतरावरून, कमरेच्या उंचीवरून वर बघणाऱ्या मुलासाठी नव्हेत. लांबून बघायची वस्तू जवळ आणली की तिची शिवण दिसते. भाचीच्या मिकीचा उडालेला रंग मला इथे आठवला.

वॉल्ट डिस्नेंना ही उणीव कळत होती. 1960 च्या दशकात त्यांनी बिल जस्टिस या आपल्याच ॲनिमेटरला पात्रांचे वेश नव्याने आखायला लावले. पॉल कॅसल हे साडेचार फूट उंचीचे, बर्फावरच्या खेळात मुरलेले कलाकार मिकीच्या वेशात उभे राहू लागले आणि दोनेक दशकं राहिले. उंची कमी हवी, कारण मिकी उंदीर आहे आणि मुलाला तो फार वरून बघत असल्यासारखा वाटू नये.

वेशापेक्षा महत्त्वाचे ठरले ते नियम. 1955 मध्येच व्हॅन फ्रान्स या गृहस्थांनी कामगारांचं प्रशिक्षण आखलं. आपलं काम आनंद निर्माण करणं, हे त्यातलं मुख्य सूत्र. ग्राहकाला 'पाहुणा' म्हणायचं, कामगाराला 'कास्ट मेंबर', म्हणजे नाटक कंपनीतला नट. लोक असतात तो भाग 'रंगमंच', लोक नसतात तो 'पडद्यामागे'. गणवेशालाही पोशाख म्हणायचं. मग झाडूवाला असो की तिकीट देणारी मुलगी, सगळेच सोंगात. मोठ्या मुंडक्याच्या पात्रांनी बोलायचं नाही. पाहुण्यासमोर मुंडकं काढायचं नाही. आत माणूस आहे हे कबूल करायचं नाही.

या नियमाचं टोक 1 ऑक्टोबर 1971 ला फ्लोरिडात उघडलेल्या मॅजिक किंगडममध्ये बघायला मिळतं. असं सांगतात की कॅलिफोर्नियात असताना वॉल्ट डिस्नेंनी एकदा काउबॉयच्या वेशातला एक कामगार भविष्यातल्या जगाची सजावट असलेल्या भागातून चालत जाताना पाहिला आणि त्यांचा रसभंग झाला. म्हणून फ्लोरिडात आधी जमिनीच्या पातळीवर बोगदे बांधले आणि उद्यान त्यांच्या डोक्यावर उभारलं. कामगारांनी बोगद्यातून यायचं, नेमक्या ठिकाणी वर निघायचं आणि पुन्हा खाली जायचं. माणूस दिसू नये म्हणून खालच्या मजल्यावर एक अख्खं गाव.

इथे मला निराशेचं मूळ सापडल्यासारखं वाटतं. आत कोणी नाहीच असं वचन दिलं की आतला माणूस जरा जरी दिसला तरी वचन मोडतं. तो थकला तर वचन मोडलं, वळला तर वचन मोडलं, त्याची पाळी संपली तरी वचन मोडलं. मुलाच्या लेखी मिकीला सुट्टी नसते, घाम नसतो, शिट्टी नसते. मग मिकी आपल्याकडे न बघता गेला याचा अर्थ एकच उरतो, मिकीला मी आवडले नाही.

गर्दी वाढली तशी यावर व्यवस्था शोधली गेली. आधी पात्रं रस्त्यात मोकळी फिरत, भेटली तर भेटली. 1988 मध्ये मिकीच्या साठाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने मॅजिक किंगडममध्ये एक वेगळा भाग उघडला. तिथे मिकी त्याच्या मेकअपच्या खोलीत हमखास भेटायचा. 1993 मध्ये कॅलिफोर्नियात टूनटाउन झालं, तिथे मिकीचं घर. भेट निश्चित झाली आणि तिची रांग झाली. आता निराशेचं रूपही बदललं. पूर्वी मिकी सापडला नाही म्हणून मूल रडे, आता तासभर उभं राहून वाट्याला मिनिटभर आलं म्हणून आईबाप चिडतात. कोरोनानंतर पार्क उघडले तेव्हा पात्रांना दुरूनच हात हलवायचा होता. मिठीची परवानगी अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांमध्ये परत मिळाली ती 18 एप्रिल 2022 ला. एका मिठीसाठी तारीख जाहीर करावी लागते, यावरून या धंद्यात मिठीची किंमत काय ते कळावं.

आणि आतला माणूस? समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 च्या पुस्तकात विमानातल्या परिचारिकांच्या कामाचा अभ्यास मांडला आणि भावनांची मजुरी असा विचार दिला. हातपाय विकावेत तसं हसूही पगारावर विकावं लागतं, असं त्या सांगतात. मुंडक्यातल्या माणसाचं कोडं याहून विचित्र आहे. त्याचं हसू बाहेर आधीच शिवलेलं आहे. आत तो रडला तरी कोणाला दिसत नाही.

2001 सालचा एक करार वाचताना मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. फ्लोरिडातल्या पात्रांच्या कलाकारांना वेशाच्या आत घालायचे कपडेही कंपनीकडून मिळत, रोज संध्याकाळी परत द्यावे लागत आणि दुसऱ्या दिवशी कोणाचे कोणाच्या वाट्याला येतील याचा नेम नसे. धुलाई नीट होत नाही, अंगावर उवा आणि खरूज येते, अशी तक्रार होती. टीमस्टर्स या कामगार संघटनेने ती लावून धरली आणि त्या वर्षीच्या करारात ज्याचे कपडे त्याला मिळाले, घरी नेऊन धुवायची मुभा मिळाली. जगातल्या सर्वांत आनंदी जागेत काम करणाऱ्याला स्वतःचे अंतर्वस्त्र मिळवायला युनियन लागली.

फेब्रुवारी 2004 मध्ये मॅजिक किंगडममध्ये मिरवणुकीच्या तयारीत प्लूटो कुत्र्याच्या वेशातला एक कामगार चित्ररथाखाली सापडून मरण पावला. सरकारी सुरक्षा यंत्रणेने कंपनीला दंड केला, 6,300 डॉलर. ही बातमी वाचून मला त्या मुंडक्यातली काळी जाळी आठवली.

मे 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधले पात्रांचे आणि मिरवणुकीचे सुमारे 1,700 कलाकार मतदानाला उतरले. 953 विरुद्ध 258 मतांनी त्यांनी ॲक्टर्स इक्विटी या नटांच्या संघटनेत जायचं ठरवलं. कंपनी त्यांना 69 वर्षं नट म्हणत आली होती. नटांच्या युनियनमध्ये जायला त्यांना स्वतः मत टाकावं लागलं.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो प्रश्न एका अमेरिकन कोर्टातही विचारला गेला आहे.

'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा कार्यक्रम 10 नोव्हेंबर 1969 ला सुरू झाला. शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांना, त्यात कृष्णवर्णीय मुलांना, शाळेआधी अक्षरओळख व्हावी हा त्यामागचा विचार. आपल्याकडे 2006 मध्ये तो 'गली गली सिम सिम' म्हणून आला. त्याच कार्यक्रमावरचं सेसमी प्लेस हे उद्यान फिलाडेल्फियाजवळ 1980 पासून आहे. जुलै 2022 मध्ये तिथल्या मिरवणुकीचा छोटा व्हिडिओ जगभर फिरला. रोसिता नावाचं फिरोजी रंगाचं पात्र लोकांना टाळ्या देत येतं. दोन लहान कृष्णवर्णीय मुली मिठीसाठी हात पसरतात. रोसिता हाताने नाही-नाही अशी खूण करते आणि पुढे जाते. रोसिता हे पात्र मेक्सिकोतून आलेलं, स्पॅनिश बोलणारं. स्थलांतरितांच्या मुलांना आपलं कोणीतरी दिसावं म्हणून 1991 मध्ये ते आणलं होतं.

पार्कने आधी खुलासा केला की ती खूण त्या मुलींसाठी नव्हतीच. गर्दीतलं कोणीतरी मूल उचलून फोटो काढायला सांगत होतं, त्याला ती 'नाही' होती. शिवाय वेशातून खालचं दिसत नाही, म्हणून कधी कधी मिठी मागणारी मुलं कलाकारांच्या नजरेतून सुटतात. लोकांना हे पटलं नाही. दोन दिवसांत पार्कने पुन्हा, जास्त स्पष्ट माफी मागितली, प्रशिक्षण देऊ म्हणाला. तोवर इतर कृष्णवर्णीय कुटुंबांनी आपापल्या मोबाईलमधले तसेच व्हिडिओ बाहेर काढले होते. बाल्टिमोरच्या एका बापाने अडीच कोटी डॉलरचा दावा ठोकला. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीकडे एका कार्यक्रमात चार पात्रांनी दुर्लक्ष केल्याचा आरोप होता. जून 2024 मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्युरीने निकाल दिला, वंशभेद सिद्ध होत नाही.

ज्युरी चुकली असं मी म्हणणार नाही, मी पुरावा पाहिलेला नाही. जाळीतून खाली दिसत नाही हे मात्र मी स्वतः पाहिलं आहे. त्या कलाकारांचं म्हणणं खरं असू शकतं आणि तरीही त्या आईबापांचा संशय खोटा नव्हता. ज्याला आयुष्यभर दुकानात, बसमध्ये, नोकरीच्या मुलाखतीत कोणीतरी न बघता पुढे गेलेलं आहे, त्याला मुखवट्यातलं न बघणंही ओळखीचं वाटतं. एका न बघण्याचा खटला चालवता येतो. आधीच्या शंभर न बघण्यांचा खटला कुठे चालवायचा? पोराला त्या शंभरांचं अजून माहीत नसतं, आईला माहीत असतं. म्हणून पोर रडतं आणि आई गप्प बसते.

या रंगमंचावर कोण दिसायचं, हाही प्रश्न आहेच. 2010 मध्ये डिस्नेलँडच्या एका हॉटेलातल्या उपाहारगृहात पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या, मोरोक्कोतून आलेल्या एका मुस्लिम बाईने कामावर हिजाब घालायची परवानगी मागितली. पोशाखाच्या नियमात बसत नाही, एकतर मागे काम करा किंवा वर टोपी घाला, असं तिला सांगितल्याचं तिचं म्हणणं होतं. 2012 मध्ये ती कोर्टात गेली. त्याच सुमारास दुसऱ्या एका मुस्लिम मुलीबाबत तोडगा निघाला, निळा स्कार्फ आणि त्यावर बेरे टोपी. फ्लोरिडात एका शीख टपालवाल्याला दाढी-पगडीमुळे पाहुण्यांच्या नजरेआडचा मार्ग दिला होता. संघटनांनी दाद मागितल्यावर 2015 मध्ये त्याला इतरांसारखं काम मिळालं. मुळात या कंपनीने पुरुष कामगारांना मिशी ठेवू दिली ती 2000 मध्ये आणि दाढी 2012 मध्ये, म्हणजे नियम सगळ्यांनाच जाचक होता. पण काहींना तो गालावर जाचला आणि काहींना इमानावर. मोठं उंदराचं मुंडकं घातलेला माणूस रंगमंचावर चालतो आणि हातभर कापडाने डोकं झाकलेली बाई 'पडद्यामागे', ही गंमत मला पचायला जड गेली.

हे सगळं वाचत असताना मला आमच्या गावचा मोहरम आठवत होता. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव. मोहरमात पंजे बसायचे, रात्री अलाव्याभोवती लोक फिरायचे आणि दिवसा वाघ निघायचे. अंगभर पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे, मागे शेपूट, पुढे हलगी. कोणी मुलाच्या आजारपणात नवस बोललेला असायचा, कोणी मूल व्हावं म्हणून. वाघांमध्ये मुसलमान असायचे तसे हिंदूही असायचे. दख्खनेत हे जुनं आहे. 1832 मध्ये लंडनमध्ये छापलेल्या जाफर शरीफ यांच्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथात मोहरमच्या फकिरांची आणि सोंगांची लांबलचक यादी आहे.

आम्ही पोरं त्या वाघांना भ्यायचो, पळायचो आणि पळता पळता हाका मारायचो, "रसूलचाचा! ओ रसूलचाचा!" कारण वाघ म्हणजे पिंजारी गल्लीतले रसूलचाचा हे आम्हाला ठाऊक होतं. रंगाखाली चेहरा त्यांचाच. दमले की ते आमच्याच ओट्यावर टेकायचे आणि दादी त्यांना सरबत द्यायची. वाघ सरबत पितोय म्हणून आमची श्रद्धा कधी मोडली नाही. ओट्यावरून उठून त्यांनी डरकाळी फोडली की आम्ही पुन्हा तितकेच पळायचो.

बहुरूपीही तसाच. फौजदार होऊन दारात यायचा, लाकडी दंडुका आपटायचा, आजोबांना अटक करायची धमकी द्यायचा आणि शेवटी धान्य मागायचा. तो खरा फौजदार नाही हे कळण्यातच मजा होती. या बहुरूप्यांमध्येही हिंदू आहेत आणि मुसलमानही.

जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाही. बहुरूप्याच्या पोराला शाळा मिळाली नाही, त्याच्या पोटाची काळजी गावाने कधी वाहिली नाही. मराठीत म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ती बहुरूप्याला जितकी लागू तितकीच पार्कातल्या मिकीला. माझा मुद्दा एवढाच की आपल्या सोंगात माणूस लपवायचा नसतो. सोंग आणि माणूस दोन्ही एकदम दिसतात आणि मूल दोन्ही सांभाळून घेतं. मुलाची कल्पनाशक्ती आपण समजतो तेवढी नाजूक नसते. तिला माणूस पुसून टाकायची गरज नसते. ती गरज विकणाऱ्याची असते.

अमेरिकेतल्या मिकीकडे निदान युनियन आहे, नियम आहेत, तक्रार करायला जागा आहे. आपल्याकडे लग्नाच्या हॉलबाहेर, वाढदिवसाला, मॉलच्या दारात जे मिकी आणि छोटा भीम उभे असतात त्यांचे वेश गल्लीतल्या शिंप्याने शिवलेले असतात आणि मजुरी रोजंदारीची. मे महिन्यातल्या उन्हात ते मुंडकं किती वेळ घालायचं याचा नियम कोणी केलेला नाही.

त्या दिवशी पार्कातून निघताना भाचीला मी उपाहारगृहाच्या मागे नेलं. बहीण नको म्हणत होती, पोरीचा उगाच हिरमोड होईल. तो पोरगा पुढच्या पाळीसाठी उठतच होता. मुंडकं अजून हातात होतं. भाची आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग मुंडक्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"तेरेकू गरम होता क्या?" तिने विचारलं.

"लई," तो म्हणाला.

तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली. त्याने दोन घोट घेतले आणि उजव्या हाताचा पांढरा हातमोजा काढून तिच्याशी हात मिळवला. मग मुंडकं चढवून कारंज्याकडे गेला.

घरी येईपर्यंत ती सगळ्यांना सांगत होती की तिला मिकी भेटला. बहीण खिडकीबाहेर बघत होती. तिचा प्रश्न अजून तसाच आहे, मी उत्तर देऊ शकलेलो नाही. त्या पोराला आम्ही नाव विचारलं नाही आणि त्यानेही आमचं विचारलं नाही.